एक पुस्तक, दोन सिनेमे

देव आनंदने आर. के. नारायण यांच्या ‘द गाइड’ या कादंबरीचे हक्क घेतले आणि एका पुस्तकावर दोन सिनेमे काढले. एक इंग्रजी, अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी. दुसरा हिंदी, आपल्या लोकांसाठी. दोन्हींत नायक तोच, नायिका वहिदा रेहमानच. इंग्रजी पटकथेच्या मागे पर्ल बक होत्या, साहित्याचे नोबेल मिळालेल्या कादंबरीकार. दिग्दर्शक होते टॅड डॅनियलेव्स्की. हिंदीची धुरा आधी चेतन आनंद यांच्याकडे होती, ती शेवटी धाकट्या विजय आनंदच्या खांद्यावर आली. इंग्रजी ‘गाइड’ कोणाच्या लक्षातही राहिला नाही. १९६५चा हिंदी ‘गाइड’ मात्र साठ वर्षांनंतरही हिंदीतल्या पहिल्या दहा सिनेमांच्या कोणत्याही यादीत हक्काने जाऊन बसतो.

पुस्तकावरच्या सिनेमाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा एकाच वाक्यावर येऊन थांबते: पुस्तकाची सर नाही. हा निकाल पुष्कळदा खरा असतो, पण त्यातून हाती काही लागत नाही. कादंबरी वाचक आपल्या सवडीने वाचतो, पात्रांना आपल्या मनातले चेहरे देतो, आवडलेल्या पानावर रेंगाळतो. सिनेमाला दोन-अडीच तास मिळतात आणि चेहरे दुसऱ्याच कोणीतरी निवडलेले असतात. ही लढत मुळातच विषम आहे. एकाच पुस्तकावर दोन सिनेमे निघतात तेव्हा मात्र सामना बरोबरीचा होतो. ऐवज तोच असतो. मग एक सिनेमा का उभा राहिला आणि दुसरा का कोसळला, हे बोट ठेवून दाखवता येते.

‘गाइड’पासूनच सुरुवात करू. कादंबरीतला राजू हा मालगुडी स्टेशनवर प्रवाशांना स्थळे दाखवणारा बोलघेवडा तरुण. गुहांच्या अभ्यासात बुडालेल्या मार्कोची बायको रोझी त्याच्या आयुष्यात येते, तो तिला मोठी नर्तकी करतो, तिच्या दागिन्यांसाठी खोटी सही करतो आणि तुरुंगात जातो. सुटल्यावर एका पडक्या देवळात बसलेला असताना गावकरी त्याला साधू समजतात. दुष्काळ पडतो, गैरसमजातून ‘स्वामी पावसासाठी उपास करणार’ अशी बातमी पसरते आणि पळून जायची वाट राहत नाही. उपासाने खंगलेला राजू नदीच्या पाण्यात उभा राहतो, लांब डोंगरात पाऊस लागल्यासारखे त्याला वाटते आणि तो खाली कोसळतो. कादंबरी तिथे संपते. पाऊस खरोखर आला का, हे नारायण सांगत नाहीत.

विजय आनंदने पाऊस पाडला. धो धो पाडला, राजूला मरण दिले आणि मरणापूर्वी त्याचा स्वतःशीच संवाद घडवला. मालगुडी सोडून कथा राजस्थानात नेली. कादंबरीतला मार्को वाईट माणूस नाही, त्याला फक्त बायको दिसत नाही. सिनेमाने त्याला बाहेरख्याली केले, कारण नवऱ्याला सोडून निघालेल्या स्त्रीच्या बाजूने १९६५चा प्रेक्षक उभा करायचा होता. नारायण यांना यातले काहीच पटले नाही. दिशाभूल झालेल्या गाइडबद्दल त्यांनी एक झोंबरा लेख लिहिला. मजा अशी, की याच सिनेमाने मिळवलेल्या सात फिल्मफेअर पुरस्कारांत उत्कृष्ट कथेचा पुरस्कार नारायण यांच्याच नावावर आहे.

मालगुडी गेल्याबद्दल लेखकाने हळहळणे योग्यच होते. पण दिग्दर्शकाने कादंबरीतला एक धागा घट्ट धरला होता: खोटा साधू लोकांच्या श्रद्धेमुळे हळूहळू खरा कसा होत जातो. सिनेमातली गाणी, नाच, प्रेम, भांडण, तुरुंग सगळे त्या एका धाग्यात ओवलेले आहे. गावकऱ्यांमधला भोळा झालेले गजानन जागीरदार आणि राजूची आई झालेल्या लीला चिटणीस हे दोन मराठी कलावंतही त्याच धाग्याला बळ देतात. एकाची बाळबोध श्रद्धा राजूला बांधून ठेवते, दुसरीचे दुःख त्याला परत खेचते. इंग्रजी आवृत्तीकडे देखणा भारत होता, परदेशी प्रेक्षकाला दाखवण्याजोगा. तिला असा धागा नव्हता.

नजरेची भेट आणि नाचाची जुगलबंदी

शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची ‘देवदास’ १९१७ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून सिनेमावाल्यांनी तिला उसंत दिलेली नाही. प्रमथेश बरुआंच्या देवदासचे छायाचित्रण करणारे बिमल रॉय पुढे स्वतः दिग्दर्शक झाले आणि १९५५मध्ये दिलीपकुमार, सुचित्रा सेन, वैजयंतीमाला यांना घेऊन त्यांनी ती कथा पुन्हा सांगितली. २००२मध्ये संजय लीला भन्साळींनी सांगितली. दोघांनीही कादंबरीत नसलेला एक प्रसंग घातला: पारो आणि चंद्रमुखी समोरासमोर येतात. शरच्चंद्रांच्या पानांत या दोघी एकमेकींना कधीच भेटत नाहीत.

बिमल रॉय यांनी हे कसे केले? रस्त्याने पालखी चालली आहे, पालखीत पारो. समोरून चंद्रमुखी पायी येते. दोघी क्षणभर एकमेकींकडे पाहतात, ओळख नसते, शब्द नसतो, पालखी पुढे जाते. एकाच पुरुषामुळे उद्ध्वस्त झालेल्या दोन बायका एकमेकींच्या अंगावरून निघून जातात आणि प्रेक्षकाला मात्र दोघींचेही सगळे ठाऊक असते. भन्साळींनी त्याच दोघींना दुर्गापूजेत एकत्र नाचायला लावले. माधुरी दीक्षित आणि ऐश्वर्या राय यांचा तो नाच डोळ्यांचे पारणे फेडतो, यात शंका नाही. पण त्या नाचानंतर कादंबरीतला एकटेपणा शिल्लक राहत नाही. पुस्तकात नसलेले दृश्य घालणे हा गुन्हा नव्हे, दोघांनीही ते केले. एकाने घातलेले दृश्य शरच्चंद्रांना सुचले असते तर त्यांनी स्वतःच लिहिले असते असे वाटते. दुसऱ्याचे दृश्य कोणत्याही भव्य सिनेमात बसले असते. रूपांतर म्हणून १९५५चा ‘देवदास’ पुढे आहे आणि अंतर थोडेथोडके नाही.

श्यामच्या दोन आया

मराठीत असा थेट सामना घडवून आणला तो साने गुरुजींच्या पुस्तकाने. ‘श्यामची आई’ गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुस्तकाची घडण साधी: आश्रमात रोज रात्री श्याम आपल्या आईची एक आठवण सांगतो. पालगडचे घर, कर्ज, सावकार, आजारपण, बापाचा भाबडेपणा, आईचा करारी स्वभाव, असे चाळीसहून अधिक रात्री चालते. सिनेमासाठी ही घडण सोयीची नाही. तिला सलग कथानक नाही, खलनायक नाही, आईच्या मरणाखेरीज मोठी घटना नाही.

आचार्य अत्र्यांनी १९५३मध्ये ते आव्हान घेतले. त्यांनी सगळ्या रात्री दाखवायचा हट्ट धरला नाही. जे प्रसंग डोळ्यांनी पाहता येतात ते घेतले आणि जिथे गुरुजी उपदेशात शिरतात तिथे कात्री लावली. न्हाणीतला प्रसंग घ्या. आंघोळ झालेला श्याम दगडावर उभा आहे, ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून पाय खाली टाकायला तयार नाही. आईने पदर पसरावा आणि आपण त्यावरून घरात जावे, असा त्याचा हट्ट. आई पदर पसरते. मग पायांइतकेच मनही स्वच्छ ठेवण्याबद्दल एक साधी गोष्ट बोलते. पुस्तकात हा उपदेश मोठा वाटू शकतो. पडद्यावर वनमालाबाईंचा वाकलेला देह, पसरलेला पदर आणि माधव वझ्यांचे छोटे पाय दिसतात, तेव्हा बोलण्याआधीच अर्थ पोहोचलेला असतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४मध्ये, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी सिनेमाला मिळाले. पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झालेल्या माधव वझ्यांना महाराष्ट्र आयुष्यभर ‘श्याम’ म्हणूनच ओळखत राहिला.

असा सिनेमा पुन्हा करायला हिंमत लागते. सुजय डहाके यांनी २०२३मध्ये ती दाखवली. त्यांनी चित्रपट कृष्णधवल ठेवला. पण अत्र्यांची नक्कल केली नाही. अत्र्यांचा सिनेमा आईभोवती फिरतो. डहाके यांनी गोष्ट सांगणाऱ्या माणसाला पुढे आणले. ओम भूतकरने उभे केलेले साने गुरुजी इथे स्वातंत्र्यलढ्यातले, तुरुंगवास सोसणारे गुरुजी आहेत आणि आठवणींतली आई गौरी देशपांडे यांनी साकारली आहे. त्या आईच्या शिस्तीतून पुढे कसा माणूस घडला, हे दोन्ही काळ शेजारी ठेवून दिसते. २०२३चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

दोघांत निवड करायची तर पारडे अत्र्यांकडेच झुकते. त्यांच्या सिनेमात आई आणि मुलगा यांच्यामधले एकही दृश्य वाया जात नाही. दुसऱ्या सिनेमात दोन काळांमध्ये ये-जा करताना मायलेकरांची ऊब मधूनमधून निसटते. तरीही दुसरा सिनेमा निघाला हे चांगलेच झाले, कारण पहिल्याने न विचारलेला प्रश्न त्याने विचारला: ही गोष्ट तुरुंगात बसून कोणाला आणि का सांगावीशी वाटली?

शाळेतला बाक

डहाके यांच्या नावावर अशी दुसऱ्यांदा रूपांतर झालेली आणखी एक कलाकृती आहे, आणि तीच त्यांची पहिली ओळख. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४मध्ये आली आणि पाहता पाहता एका पिढीची लाडकी कादंबरी झाली. तिच्यावर ‘गमभन’ हे नाटक झाले. २००८मध्ये मिलिंद उके यांनी ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी सिनेमा काढला. तो कधी आला आणि कधी गेला, हे कादंबरीच्या चाहत्यांनाही फारसे कळले नाही. मग २०१२च्या जानेवारीत डहाके यांचा मराठी ‘शाळा’ प्रदर्शित झाला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा आणि अविनाश देशपांडे निगडी यांना रूपांतरित पटकथेचा असे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

हिंदी सिनेमा कशात हुकला, हे समजायला कादंबरीचे एखादे पान उघडले तरी पुरे. नववीतला मुकुंद जोशी सगळे स्वतःच सांगतो. मास्तरांची नक्कल, बाकांचे राजकारण, ‘लाइन’च्या वाटाघाटी, आवडत्या मुलीलाही मनातल्या मनात आडनावाने ‘शिरोडकर’ म्हणणे, हे सारे मराठी शाळेच्या वर्गातले बोलणे आहे. ते बोलणे म्हणजेच कादंबरी. कथानक म्हणून पाहिले तर त्यात फार काही घडत नाही: एक मुलगा, एक मुलगी, चारचौघे मित्र, आणीबाणीचे वर्ष. मुकुंदचा मराठी सूर काढून घेतला की उरते ती किशोरवयीन प्रेमाची एक साधारण गोष्ट, आणि तशा गोष्टी हिंदीत कितीतरी झाल्या आहेत.

मराठी सिनेमानेही कादंबरीतले पुष्कळ सोडले. तीनशे पाने दोनेक तासांत बसवायची तर दुसरा इलाज नव्हता. मुकुंदच्या डोक्यातले तिरकस, मिस्कील निरीक्षण पडद्यावर अर्धेही आलेले नाही आणि त्याबद्दल वाचकांनी केलेली तक्रार बरोबर होती. पण डहाके यांना एक गोष्ट नेमकी सापडली. चौदा वर्षांच्या मुलाचे प्रेम बोलण्यापेक्षा पाहण्यात जास्त असते. वर्गाच्या एका टोकाच्या बाकावरून दुसऱ्या टोकाकडे टाकलेला कटाक्ष, तो पकडला गेल्यावर वहीत घातलेली मान, हे कॅमेऱ्याला कादंबरीपेक्षाही सोपे जाते. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर या दोघांच्या चेहऱ्यांवर सिनेमा थांबतो, घाई करत नाही. कादंबरीचा आवाज हातून निसटला, तिची नजर मात्र राहिली, आणि तेवढ्यावर सिनेमा तरला.

दोन पुस्तके, एक सिनेमा

याच्या उलट वाटेने गेलेला एक सिनेमा मराठीत आहे, आणि मराठी रूपांतरांत त्याच्या वर ठेवावा असा दुसरा सापडत नाही. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’, १९७९. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत आणल्या. साधू हाडाचे पत्रकार. त्यांच्या कादंबऱ्यांत मुंबईचे थरच्या थर येतात: मंत्रालय, कामगार संघटना, तस्कर, झोपडपट्टी, वर्तमानपत्राची कचेरी. एका कादंबरीत महानगराचा पट, दुसरीत राज्याच्या सत्तेचा. दोन्ही एकत्र करायच्या म्हणजे पात्रांची जत्रा होण्याची भीती होती.

तेंडुलकरांनी त्या जत्रेच्या मधोमध एक माणूस उभा केला: दिगू टिपणीस, पत्रकार, भूमिकेत निळू फुले. तोवर बेरकी पाटील म्हणून प्रेक्षक ज्यांना शिव्या घालत त्या निळूभाऊंना इथे फारसे काही करायचेच नाही. दिगू पाहतो, ऐकतो, टिपतो. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांना सरकार पाडण्याच्या हालचालींची खबर देणारा निनावी फोन येतो. अरुण सरनाईक यांनी हा मुख्यमंत्री असा रंगवला आहे, की त्याचा आवाज कधी चढत नाही आणि माणूस मात्र कधी ढिला पडत नाही. समोर डॉ. श्रीराम लागूंचा विश्वासराव दाभाडे, अर्थमंत्री आणि खुर्चीचा दावेदार. कामगार पुढारी डिकास्टा म्हणजे सतीश दुभाषी. यांतला प्रत्येक जण दुसऱ्याचा सौदा करतो आहे आणि सगळ्या सौद्यांचा साक्षीदार दिगू आहे.

शेवटाकडे सगळे वैर एका झटक्यात मिटते. जो पाडायला निघाला होता त्याला सत्तेत वाटा मिळतो आणि राज्य सुरळीत चालू राहते. दिगूला बातमी कळते आणि तो हसू लागतो. आधी नुसता हसतो, मग ते हसू थांबेना होते आणि भर रस्त्यात, वर्दळीत तो वेड्यासारखा हसत सुटतो. कोणी भाषण करत नाही, कोणी निष्कर्ष सांगत नाही. दोन कादंबऱ्यांत शेकडो पानांत पसरलेली सत्तेची किळस तेंडुलकर आणि पटेल यांनी एका माणसाच्या हसण्यात बसवली. १९७९नंतर महाराष्ट्रात सत्तेची नवी समीकरणे जुळली, की लोकांना ‘सिंहासन’ आठवतो, तो या हसण्यामुळे.

एकापेक्षा जास्त पुस्तकांतून सिनेमा विणण्याची ही वाट नंतरही चालली. राजीव पाटील यांच्या २००९च्या ‘जोगवा’मागे राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा आहे. जोगते-जोगतिणींच्या वाट्याला येणारे आयुष्य तीन कलाकृतींतून गोळा करून ते एका जोडीच्या प्रेमात गुंफले आणि उपेंद्र लिमये यांना त्यातल्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उलट, आकाराने लहान कथेतून मोठा सिनेमा फुलल्याचे उदाहरण म्हणजे गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा घेऊन तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि ओम पुरीचा सब-इन्स्पेक्टर वेलणकर हिंदी पडद्यावरच्या पोलिसाचे रूपच बदलून गेला. कथेत लेखकाने मोकळी सोडलेली जागा असते. कादंबरी तोडावी लागते, कथा वाढवता येते आणि पटकथाकाराला दुसरे काम नेहमीच जास्त मानवते.

बदल कुठे खपतो

पुस्तकाला हात लावायचाच नाही, असा आग्रह धरणाऱ्यांनी ‘जैत रे जैत’ पाहावा. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतले ठाकरांचे जग, लिंगोबाचा डोंगर, राणीमाशीशी वैर धरणारा नाग्या आणि त्याच्यावर जीव लावणारी चिंधी हे सारे जब्बार पटेल यांनी १९७७मध्ये पडद्यावर आणले. गोनीदांची भाषा पडद्यावर कशी आणायची, हा मोठा प्रश्न होता. पटेल यांनी ती जवळजवळ सगळी गाण्यांकडे सोपवली. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत इथे कथेच्या मध्ये येत नाही, कथाच पुढे नेते. ढोलाचा ठेका, डोंगरउतार आणि स्मिता पाटीलची चिंधी यांतून कादंबरीची लय परत मिळते. पानावरचा एकही शब्द जसाच्या तसा न ठेवता पुस्तकाशी इमान राखता येते, याचा हा सर्वांत चांगला पुरावा.

‘नटरंग’चा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे. आनंद यादव यांच्या १९७८च्या कादंबरीत कागलकडचा गुणा तमाशात राजा व्हायला निघतो आणि फडाला नाच्या मिळत नाही म्हणून स्वतः नाच्या होतो. रवी जाधव यांच्या पहिल्याच सिनेमाने हा बदल अतुल कुलकर्णी यांच्या शरीरावर दाखवला. पैलवानाची भरलेली छाती आणि नंतर बारीक झालेली, लचकणारी कंबर हा एकाच माणसाचा देह आहे, हे डोळ्यांना पटवून देणे कादंबरीला शक्य नव्हते. शेवटाकडे मात्र सिनेमाने हात सैल सोडला. म्हाताऱ्या गुणाला सन्मान मिळतो, टाळ्या पडतात आणि प्रेक्षक समाधानाने उठतो. यादवांनी ज्या समाजाला आरोपी केले होते, त्याला या शेवटाने थोडे स्वस्तात सोडले. तरीही मधल्या दोन तासांच्या बळावर ‘नटरंग’ चांगल्या रूपांतरांत मोडतो.

सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’चे गणित वेगळे. संजय जाधव यांचा २०१३चा सिनेमा तिकीटबारीवर धो धो चालला, कट्टा आणि मैत्री यांचे वारे पुन्हा वाहू लागले आणि कादंबरी न वाचलेली मुले ती शोधत दुकानात गेली. कादंबरीवर जीव असलेले वाचक मात्र नाराज झाले. त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. शिरवळकरांच्या गोष्टीतला कडवटपणा सिनेमात गाणी आणि टाळीबाज संवादांखाली दबून गेला. सिनेमा यशस्वी झाला, पण रूपांतर म्हणून त्याने सोपी वाट धरली.

अलीकडचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण म्हणजे शिवाजी सावंतांच्या १९७९च्या ‘छावा’वरचा हिंदी सिनेमा. १४ फेब्रुवारी २०२५ला तो आला आणि देशात पाचशे कोटींहून अधिक कमाई करून गेला. संभाजीराजांच्या लेझीम खेळण्याच्या दृश्यावर आक्षेप आला तेव्हा दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते प्रदर्शनाआधीच काढून टाकले. वाद त्या दृश्याभोवती फिरत राहिला आणि रूपांतराबद्दलचा मोठा प्रश्न बाजूला पडला. सावंतांची कादंबरी राजांच्या बालपणापासून चालत येते. आईविना वाढलेले पोर, आग्र्याची धास्ती, घरातले आणि दरबारातले कलह, संस्कृतात लिहिणारा पंडित युवराज या सगळ्यांतून तो शेवटचा धीर कुठून आला, हे वाचकाला कळत जाते. सिनेमा बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून सुरू होतो आणि लढाया व शेवटच्या यातनांवर भर देतो. विकी कौशलने जीव ओतला आहे, थिएटरात लोक रडले, तेही मनापासून. पण कादंबरीने शेकडो पानांत जो माणूस घडवला, तो इथे पहिल्याच दृश्यात घडून तयार मिळतो. युद्धपट म्हणून ‘छावा’ दमदार आहे. सावंतांच्या पुस्तकाचे रूपांतर म्हणून अपुरा.

या सगळ्या उदाहरणांत चांगल्या आणि फसलेल्या सिनेमांमधला फरक पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी दिसतो. चांगल्या दिग्दर्शकाने पुस्तकातली एक गोष्ट आपली मानली आणि बाकीचे निर्धास्त सोडले: विजय आनंदने राजूची श्रद्धा, अत्र्यांनी आईचा पदर, डहाके यांनी वर्गातली नजर, पटेल-तेंडुलकरांनी दिगूचे हसणे. फसलेल्या सिनेमांनी पुस्तकाचे नाव आणि घटना घेतल्या आणि त्यांत प्रेक्षकांना आवडेल असा मसाला भरला. पुस्तकापासून किती दूर गेले, हे मोजून काही ठरत नाही. कशासाठी दूर गेले, यावर सगळे ठरते.

म्हणून निर्मात्यांना एक विनंती. मराठी कादंबरीचे हक्क घ्याल तेव्हा आधी चांगला पटकथाकार शोधा आणि त्याला वेळ द्या. नट नंतर ठरवा. पोस्टरवर नटाच्या नावाखाली लेखकाचे नाव वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापा. आणि वाचकांनी एखादी जोडी निवडून पुस्तक आणि सिनेमा लागोपाठ अनुभवावा. ‘शाळा’ किंवा ‘श्यामची आई’पासून सुरुवात करायला हरकत नाही. यादीच करायची तर या लेखातला सर्वांत वाया गेलेला प्रयत्न इंग्रजी ‘गाइड’, आणि सर्वांत चांगला, कोणत्याही भाषेतल्या रूपांतराशेजारी ताठ मानेने उभा राहणारा, ‘सिंहासन’.